देवजी मिस्तरीच्या दोन चिरा

कोणाच्याही टीव्हीचं मागचं झाकण उघडलं की देवजी मिस्तरी आधी आत नाक घालायचा. स्क्रू-ड्रायव्हर, मीटर, कशालाही हात लावायच्या आधी. डोळे मिटून दोन-तीनदा हुंगायचा आणि मग त्या टीव्हीची कुंडली मांडायचा. "हा चुलीपाशी व्हता." "ह्याच्यात उंदरीण व्याली व्हती." "ह्यो पावसात भिजला, मंग कोणी उनात वाळवला, आन् मना सांगतो, आपोआप बंद पडला!" गिऱ्हाईक चाट पडायचं. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा त्या पेटीतून मेलेली पाल निघाली होती. देवजीनं ती शेपटीला धरून माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "नर्सबाय, हा तुझा पेशंट."

मी नर्स. तेवीस वर्षांची असताना कोकणातून मोखाड्याला बदलून आले, सगळी नोकरी याच डोंगरात पायी फिरून केली आणि आता जव्हारला राहते. नवी होते तेव्हा इथली माणसं मला पहिल्या भेटीतच 'तू' म्हणायची, त्याचा मला फार राग यायचा. आमच्याकडे सुईणीलासुद्धा अहो-जाहो करतात. पुढे कळलं की यांच्या घरच्या बोलीत सगळ्यांनाच एकेरी. देवालाही आणि तहसीलदारालाही. मग राग गेला. मी देवजीला शेवटपर्यंत 'देवजीभाऊ, तुम्ही' म्हणत राहिले आणि तो मला 'तू'. पण तो मोठा माणूस होता म्हणून इथं आदरार्थी लिहायला बसले, तर तो कोणी वेगळाच माणूस होऊन बसतो. तेव्हा एकेरीच लिहिते.

देवजी इथल्याच एका पाड्यावरचा. घरची नाचणी, वरईची शेती होती. पोरवयात नाशिकला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारायला म्हणून राहिला आणि सहा वर्षांनी कारागीर होऊन परत आला. मोखाड्यात जीपगाड्या उभ्या राहतात त्याच्या मागच्या गल्लीत त्याचं पत्र्याचं दुकान होतं. आत दिवसाही अंधार. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर जुने टीव्ही. लाकडी पेटीचे, सरकत्या दाराचे, चार पायांवर उभे राहणारे, गोल बटन खटखट फिरवून लावायचे. आता घरोघर भिंतीवरचे चपटे टीव्ही आले, तेही सोडून लोक मोबाईलमध्ये बघतात. मग हे जुने कोण दुरुस्त करून घेतं, असं मी एकदा विचारलं. "ज्यांना पाह्याचा नाय ते," देवजी म्हणाला.

खरंच तसं होतं. शिरपामाळाकडे फिरायला येणाऱ्यांसाठी कोणी खोल्या बांधल्या की त्याला दिवाणखान्यात एक जुना टीव्ही शोभेला हवा असे. मुंबईहून सिनेमा-मालिकांचे सामान जमवणारे यायचे. एखाद्या म्हाताऱ्याला वडिलांची आठवण म्हणून चालू करून हवा असे. या टीव्हींना कायम काहीतरी नसायचंच. कुणाचं बटन गेलेलं, कुणाच्या सरकत्या दाराच्या पट्ट्या वाळवीनं खाल्लेल्या, कुणाच्या पाठीचं झाकण कोंबड्यांचं खुराडं झाकायला गेलेलं. बाजारात यातलं काही मिळत नाही. देवजी ते स्वतः बनवायचा. सागाच्या तुकड्यातून बटन कातायचा, दाराच्या पट्ट्या बांबूच्या काढायचा, अँटेनाची कांडी छत्रीच्या तारेतून उभी करायचा. रंग असा लावायचा की जुन्या बटनांमध्ये नवं कोणतं ते मला चष्मा लावूनही कळत नसे.

आणि मग, एवढं बेमालूम काम झाल्यावर, तो ब्लेड घ्यायचा आणि त्या नव्या भागाच्या आतल्या बाजूला दोन उभ्या चिरा मारायचा. प्रत्येक भागाला. "ही माझी. कंपनीची नाय," म्हणायचा. मुंबईच्या एका जुन्या वस्तू जमवणाऱ्या गृहस्थांना हे पसंत पडलं नाही. बटन उपसून त्यांनी आतल्या चिरा बघितल्या आणि म्हणाले, "मिस्त्री, ये निशान मिटा दो. ओरिजिनल बोलना है." देवजीनं त्यांच्या हातातलं बटन घेतलं आणि आपल्या खिशात घातलं. "खूण नको तं बटन बी नको." गृहस्थ एका बटनाविना टीव्ही घेऊन गेले आणि पंधरा दिवसांनी बटनासाठी परत आले. मी त्याला म्हटलं, आतली खूण कोण बघणार आहे? तो म्हणाला, "उघडंल तो पाहील. त्याला फसवायचा नाय."

दुसरा नियम याहून कडक होता. एका टीव्हीचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा नाही. दुरुस्तीच्या धंद्यात हा नियम ऐकला तर कोणीही हसेल, कारण सगळा धंदाच त्यावर चालतो. माझ्या यजमानांचा लहान पोर्टेबल टीव्ही त्यांच्यामागे बंद पडला. मला तो चालू हवा होता. त्यात जो भाग जळला होता तसलाच भाग असलेले चार बिनवारशी टीव्ही देवजीच्या फळीवर धूळ खात होते. त्यानं एकालाही हात लावला नाही. नाशिक, ठाणे, कुठून कुठून चौकशा करून अडीच महिन्यांनी भाग मिळवला. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. "देवजीभाऊ, मेलेल्याचे डोळेसुद्धा काढून जिवंताला लावतात, आणि तुम्ही एका डबड्याचा तुकडा देत नाही?" तो खाली मान घालून सोल्डर ओढत राहिला. मला वाटलं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो, त्यातलाच प्रकार.

दोन वर्षांपूर्वी माघात त्याचा फोन आला. नुसतं म्हणाला, "नर्सबाय, ये." आवाज असा होता की मला वाटलं त्याच्या बायकोचं काही झालं. जीप पकडून गेले. दुकानात टेबलावर एक मोठा लाकडी टीव्ही होता, सरकत्या दाराचा, दाराला कुलूप लावायची कडी असलेला. असले टीव्ही पूर्वी ग्रामपंचायतीत नाहीतर शाळेत असायचे, सगळ्या गावाला मिळून एक. एका खोल्या बांधणाऱ्या शेटनं तो कुठल्याशा पंचायतीच्या भंगाराच्या लिलावात घेतला होता आणि देवजीकडे टाकला होता. आतलं सगळं काढून टाका, नुसती पेटी पाहिजे, बाटल्या ठेवायला कपाट करायचं आहे, असं सांगून गेला होता.

देवजीनं टीव्ही फिरवून मला पाठ दाखवली. पांढऱ्या रंगानं पाड्याचं नाव लिहिलं होतं. अक्षर देवजीचं. तरुणपणी आसपासच्या गावांतले सार्वजनिक टीव्ही सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं, तेव्हा त्यानंच सगळ्यांवर नावं घातली होती. त्या पाड्याचं नाव मी इथं लिहीत नाही. पण तिथं मी वजनकाटा घेऊन कितीदा तरी गेले होते.

"आत पाह्य," तो म्हणाला. आत बाकी सगळं होतं, जळमटासकट. एका कोपऱ्यात मात्र मुठीएवढी जागा रिकामी आणि तिथं चार वायरींची टोकं, प्रत्येकाला नीट काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिथला भाग म्हणजे एलओटी. पडद्यावर चित्र उजळायला विजेचा जो जबरदस्त दाब लागतो तो तयार करणारा. तो नसला तर आवाज येतो, चित्र येत नाही. "ही पट्टी मी लावली," देवजी म्हणाला. "तो मी काढला व्हता." मग स्टुलावर बसून त्यानं मला सगळं सांगितलं.

ते साल इथल्या कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वावर-वांगणीकडे कुपोषणानं मुलं गेली ते साल. आमच्या बाजूलाही वाईट दिवस होते. पेपरवाले, टीव्हीवाले जीपगाड्या घेऊन यायचे आणि आम्ही वजनकाटे घेऊन त्यांच्या पुढे-मागे धावायचो. त्या पाड्यावर बुधी नावाची वीस-एकवीस वर्षांची बाई होती. नवरा बाहेरगावी मजुरीला गेलेला. तिचा मुलगा चंदर, सव्वा वर्षाचा, वजन सहा महिन्यांच्या मुलाइतकंही नव्हतं. त्याला दवाखान्यात हलवायला मी तिला चारदा सांगितलं होतं. नवरा आल्याशिवाय ती निघेना. मंगळवारी मी त्याला काट्यात बसवत होते तेव्हाच टीव्हीवाले आले आणि त्यांनी बुधीच्या मांडीवरच्या चंदरचं चित्रण केलं. शनिवारी संध्याकाळच्या बातम्यांत दाखवू, असं सांगून गेले. गुरुवारी पहाटे चंदर गेला. बुधीकडे त्याचा एकही फोटो नव्हता. इथं तेव्हा फोटो कोण काढत होतं?

त्याच आठवड्यात मोखाड्यात एका साहेबांच्या क्वार्टरमधला टीव्ही बंद पडला होता. एलओटी जळला होता. नवा नाशिकहून यायला चार दिवस लागणार होते. साहेबांनी देवजीला दम भरला की शनिवारच्या आत टीव्ही चालू झाला नाही तर गावोगावच्या टीव्हीचं काम दुसऱ्याला देऊ. देवजीनं बुधवारी, माणसं रानात गेलेली असताना, पाड्यावर जाऊन शाळेतल्या टीव्हीचा एलओटी काढला आणि साहेबांच्या टीव्हीत बसवला. "चार दिसांचा तं सवाल, म्हटलं. लोकं पाहतात काय, तं रविवारचा पिच्चर. तवर नवा येल." शनिवारचं त्याला काहीच माहीत नव्हतं.

शनिवारी तो नवा भाग आला का बघायला म्हणून स्टँडवर गेला आणि तिथं त्याला कळलं की पाड्यावरचे सगळे आज टीव्हीत दिसणार आहेत. भाग आला नव्हता. तो तसाच चालत पाड्यावर गेला. शाळेत सगळा पाडा जमला होता. बुधीला सगळ्यात पुढे बसवलं होतं. दोन दिवसांपूर्वी मूल पुरलेली बाई, केस न विंचरलेली, पडद्यापासून हातभर अंतरावर. बातम्या सुरू झाल्या. आवाज खणखणीत आला. आपल्या तालुक्याचं नाव आलं तसे लोक ओरडले. पडदा काळाच. "मिस्तरी, चित्र लाव, चित्र लाव!" देवजी बाहेर गेला आणि अँटेनाचा बांबू फिरवत राहिला. फिरवून काही होणार नाही हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. बातमी संपेपर्यंत तो बांबू फिरवत राहिला. मग आत येऊन म्हणाला, "सिंगल नाय." नवा भाग पुढे आलाच नाही, आणि त्या पाड्यावर परत जायची त्याला हिंमत झाली नाही.

"एवढी वर्षं लोटली. पण त्या दिसाची बुधी," देवजी म्हणाला आणि वायरींच्या टोकांवरची पट्टी चाचपत राहिला.

आता माझं. मी त्या शनिवारी पाड्यावर नव्हते. मी साहेबांच्या क्वार्टरमध्ये होते. आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांना त्यांनी बातमी बघायला बोलावलं होतं, कोणाकोणावर ठपका येतोय ते कळावं म्हणून. पाड्याच्या टीव्हीतून काढलेल्या त्या भागावर चाललेल्या पडद्यावर मी चंदरला बघितलं. पाच-सहा सेकंद. शेजारी वजनकाटा धरलेला माझा हात दिसला, बांगडीपर्यंत. तोंड दिसलं नाही. स्पष्ट सांगते, मला हायसं वाटलं. मूल दोन दिवसांपूर्वी गेलेलं आणि मला आपलं तोंड दिसलं नाही याचं बरं वाटलं. नंतर कितीतरी वेळा बुधी मला भेटली. पुढच्या दोन मुलींच्या बाळंतपणाला मीच होते. मी तिला कधी म्हटलं नाही की तुझा चंदर मी पाहिला. विषय काढायचं जिवावर यायचं आणि मग राहूनच गेलं.

मी देवजीला हे सांगितलं. त्यानं उठून टीव्ही पुन्हा सरळ फिरवला. 

शेटला त्यानं बदल्यात आपल्या दुकानातला सगळ्यात देखणा, पूर्ण केलेला टीव्ही दिला आणि ही पेटी ठेवून घेतली. मग कामाला लागला. तसला एलओटी आता कुठेच बनत नाही. त्याच्या फळीवर तसलेच दोन होते, दुसऱ्या टीव्हींत. ते काढले नाहीत. पत्र्याच्या पेटीतून त्यानं साहेबांच्या टीव्हीतला तो जळका एलओटी काढला. इतकी वर्षं जपून ठेवला होता. त्यातला गाभा शाबूत होता. त्यावर केसाहून बारीक तार हातानं गुंडाळायची, थरावर कागद, कागदावर पुन्हा तार, असे हजारो वेढे. एक वेढा दुसऱ्यावर चढला की सगळं उलगडायचं. वरून मोहोळाचं मेण वितळवून ओतायचं, म्हणजे ठिणगी उडत नाही. देवजीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि छातीत पाणी होत होतं. मी त्याला आधी दवाखान्यात चला म्हणून ओरडत होते. "आधी ह्यो," म्हणायचा. मी नाद सोडला. चार वेळा तार तुटली. पाचव्या वेळी, वैशाखात, पडदा उजळला.

उजळला म्हणजे मुंग्या आल्या. पांढऱ्या-काळ्या मुंग्यांची खळबळ, बाकी काही नाही. त्या जुन्या टीव्हीला पकडता येईल असं आता हवेत काही येत नाही. हे त्याला माहीत होतं. एखादा डबा जोडून काहीतरी दाखवता आलं असतं. "दाखवाया नाय न्यायचा," तो म्हणाला. "कबूल कराया न्यायचा. नुसत्या तोंडानं सांगितला तं ती म्हणंल, मिस्तरी डोकरा झाला, बरळतो."

जीपच्या मधल्या सीटवर तो टीव्ही ठेवून आम्ही दुपारी पाड्यावर गेलो. बुधी आता नातवंडांची आजी आहे. अंगणात उंबराच्या सावलीत वरई पाखडत होती. देवजीनं शेजारच्या घरातून वायर ओढली, टीव्ही खाटेवर ठेवला, सरकतं दार उघडलं, चालू केला. मुंग्या नाचायला लागल्या. बुधी सूप हातात धरून बघत होती.

"ह्यो शाळेतला," ती म्हणाली. ओळखला तिनं.

"व्हय," देवजी म्हणाला. त्याला धाप लागली होती. "त्या दिशी सिंगल व्हता, बुधी. सिंगल बेस व्हता. ह्याच्यातला एक सामान मीच काढून साहेबाच्या टीवीत घातला व्हता. म्हणून तुला दिसला नाय. मी खोटा बोललो."

मला वाटलं ती शिव्या देईल, रडेल. ती एकदम उभी राहिली. "म्हंजे माझ्या पोशाला, चंदरला, दाखवला व्हता?"

देवजीनं मान हलवली.

"मना वाटला, त्यांनी काढून टाकला," बुधी म्हणाली. "मेलेला पोसा कोण दाखवंल? म्हटला, माझ्या चंदरला त्यांनी काढून टाकला." इतकी वर्षं ती असं धरून चालली होती की आपलं मूल दाखवायच्या लायकीचं नव्हतं म्हणून गाळलं. हे आमच्या दोघांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. "कोणी पाह्यला त्याला? कोणी तरी पाह्यला का?"

देवजी माझ्याकडे बघेना. पण सांगायचं मलाच होतं. "मी पाहिला," म्हटलं.

ती माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली. "सांग."

मी सांगितलं. तुझ्या मांडीवर होता. तुझ्या गळ्यातली मण्यांची माळ मुठीत धरली होती. डोळे उघडे होते. अंगात निळं झबलं होतं, पण टीव्हीत ते काळं दिसत होतं. शेजारी माझा हात होता. "किती येळ?" म्हटलं, तू त्याला नाव घेऊन दोनदा हाक मारशील एवढा वेळ. तिनं तिथंच हलक्या आवाजात दोनदा हाक मारून बघितली. "चंदर. चंदर." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "हसला का तो?"

"हो," मी म्हटलं. "हसला."

बुधी उठली आणि शेजारच्या घरांकडे तोंड करून मोठ्यानं ओरडली, "माझा चंदर हसला व्हता टीवीत! नर्सबायनं पाह्यला!" बायका बाहेर आल्या. त्यांतल्या निम्म्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. तिनं घरात जाऊन कोरा चहा केला आणि मला आणून दिला. देवजीला दिला नाही. तो खाटेच्या कडेला, टीव्हीशेजारी, पाहुण्यासारखा अवघडून बसला होता. निघताना त्यानं विचारलं, टीव्ही इथं ठेवू का? "अठं नको," ती म्हणाली. त्याच्याशी ती तेवढंच बोलली.

फाट्यावर जीपची वाट बघत आम्ही बसलो होतो. "मना चहा दिला नाय, बेस केला तिनं," देवजी म्हणाला.  मग त्यानं विचारलं, "नर्सबाय, तो हसला व्हता?"

मी म्हटलं, "नाही, देवजीभाऊ. इतक्या अशक्त मुलाला हसायला ताकद नसते. तो नुसता बघत होता."

मला वाटलं तो म्हणेल, चांगलं केलंस. कोणीही तसंच म्हणालं असतं. तो टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. तसाच म्हणाला, "मंग खूण करून ठेव."

मला त्याचा भयंकर राग आला. वाटलं, एका आईला जरा बरं वाटलं तर या माणसाचं काय गेलं! जीप आली, मी त्याला सोडून पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

श्रावणात तो गेला. छातीतलं पाणी काढायला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी रागातच होते, त्यामुळे शेवटच्या दिवसांत एकदाच जाऊन आले, तेही नर्स म्हणून. नाडी बघितली, त्याच्या बायकोला चार सूचना दिल्या आणि निघाले. त्याचं मला आता फार वाईट वाटतं. दहाव्यानंतर बायकोनं तो टीव्ही जीपमध्ये घालून माझ्याकडे पाठवला. त्यानंच सांगून ठेवलं होतं म्हणे.

बुधी बाजाराला जव्हारला आली की माझ्याकडे येते. ओसरीवर बसते, पाणी पिते आणि म्हणते, "बाय, सांग ना परत." मी सांगते. माळ, झबलं, हात, दोन हाका एवढा वेळ. आणि शेवटी हसला. आता ती स्वतःच माझ्या आधी म्हणते, "मंग हसला." गेल्या खेपेला तिनं सोबत नातीला आणलं होतं. नातीला पाठ झालंय.

तिला खरं सांगायचं धाडस मला नाही. ते मी कधीच करणार नाही. पण परवा ती गेल्यावर मी टीव्हीचं मागचं झाकण काढलं आणि देवजीसारखं आत नाक घातलं. मोहोळाच्या मेणाचा वास अजून होता. बॅटरी लावून बघितलं. त्या मेणाच्या गोळ्यावर, सहज दिसणार नाही अशा बाजूला, दोन उभ्या चिरा होत्या.

म्हणून हे लिहून ठेवते आहे. लिहून झालं की कागद घडी करून त्याच पेटीत, त्या मेणाच्या शेजारी ठेवणार आहे. बुधीला वाचता येत नाही. माझ्यामागे कधी कोणी ते झाकण उघडलं तर त्याला कळू दे. मुलगा मांडीवर होता, माळ मुठीत होती, डोळे उघडे होते. हसला, ते माझं आहे.